सी भाषेत स्वतःची युटिलिटी लायब्ररी: पहिल्या फंक्शनपासून लिंकिंगपर्यंत

सीची स्टँडर्ड लायब्ररी हात आखडून दिलेली आहे. स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन तिच्यात नाही. गरजेप्रमाणे वाढणारा ॲरे नाही. मजकुरातून आकडा काढता येतो, पण तो नीट निघाला की नाही हे चार ठिकाणी तपासून आपणच ठरवायचं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सी प्रोजेक्टमध्ये 'युटिल' नावाची एक फाइल असतेच, आणि बहुतेक वेळा ती घाईत लिहिलेली असते.

या फंक्शनांचा गाभा पाच-दहा ओळींचा असतो. तो कुणालाही जमतो. घोळ होतो तो टोकाच्या किमतींवर: स्ट्रिंग रिकामी आली तर, संख्या शून्य असली तर, बफर नेमका भरला तर. खालच्या पायऱ्यांमध्ये जास्त वेळ तिथेच घालवला आहे. फंक्शनांची आणि फ्लॅगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं वापरायची.

१. फाइली आणि नावं

सुरुवातीला दोनच फाइली पुरतात: एक हेडर, एक सोर्स. हेडरमध्ये फक्त फंक्शनांचे प्रोटोटाइप (नाव, इनपुटं आणि परतीचा प्रकार सांगणारी ओळ), आणि भोवती इन्क्लूड गार्ड (तेच हेडर दोनदा आत घेतलं जाऊ नये म्हणून). बाहेर कुणालाही लागणार नाही अशा प्रत्येक मदतनीस फंक्शनला सोर्स फाइलमध्ये 'स्टॅटिक' लावा, म्हणजे ते त्या फाइलपुरतंच राहतं. नाहीतर तुमचं 'हेल्पर' आणि दुसऱ्या कुणाचं 'हेल्पर' लिंकरच्या (कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दारात एकमेकांना धडकतात, आणि "मल्टिपल डेफिनिशन" हा एरर बघत बसावं लागतं.

नावाला उपसर्ग हवाच. इथे 'यूटी_' धरू, म्हणजे 'यूटी_ट्रिम', 'यूटी_कॉपी' वगैरे. नुसतं 'स्ट्रट्रिम' असं नाव देण्याचा मोह होतो, पण 'स्ट्र' किंवा 'मेम' यांच्यापुढे लहान लिपीतलं अक्षर आलेली नावं सीच्या मानकाने भविष्यासाठी राखून ठेवली आहेत. 'इज' आणि 'टू'ने सुरू होणाऱ्या नावांचंही तेच. हा नियम नुसता कागदावरचा नाही: 'स्ट्रडप' आणि 'स्ट्रएनडप' वर्षानुवर्षं मानकाबाहेर होती, सी२३ या मानकाच्या आवृत्तीत ती आत आली. अंडरस्कोअर आणि पुढे कॅपिटल अक्षर, अशी नावंही कंपाइलरवाल्यांची. त्यांना हात लावू नका.

२. आधी करार, मग कोड

प्रत्येक प्रोटोटाइपच्या वर तीन-चार ओळींची कॉमेंट लिहा आणि ती फंक्शनच्या आधी लिहा. तिच्यात एवढं यायला हवं: नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता) चालतो का, परत मिळालेली मेमरी फ्री कुणी करायची, चूक झाली हे कशावरून ओळखायचं, आणि दिलेली स्ट्रिंग जागच्या जागी बदलते की नवी मिळते. ही कॉमेंट लिहिता येत नसेल तर फंक्शन काय करतं हे अजून ठरलेलं नाही, असं खुशाल समजा.

"नल चालतो का" या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. 'फ्री'ला नल दिला तर ते काहीच करत नाही, 'स्ट्रलेन'ला दिला तर वागणं अनिश्चित असतं (म्हणजे मानक कसलीच हमी देत नाही) आणि बहुधा प्रोग्रॅम कोसळतो. तुमच्या लायब्ररीने यातली एक बाजू निवडावी आणि सगळीकडे तीच पाळावी. अर्ध्या फंक्शनांत नल तपासलेला आणि अर्ध्यांत नाही, हे सगळ्यात वाईट.

३. मेमरी: मॅलॉकवरचं आवरण

पहिलं उपयोगी फंक्शन म्हणजे मॅलॉक करून (मेमरी मागून) नल तपासणारं. इथे धोरण ठरवावं लागतं. कमांडलाइनवरचं स्वतःचं छोटं टूल असेल, तर मेमरी न मिळाल्यास संदेश छापून 'एक्झिट' केलेलं चालतं. पण लायब्ररी दुसऱ्यांसाठी असेल तर तिने परस्पर प्रोग्रॅम बंद पाडायचा नसतो. नल परत द्या, पुढचं वापरणारा बघेल. आकार शून्य असेल तर मॅलॉकने नल द्यावा की वेगळा पॉइंटर, हे मानकाने मोकळं सोडलं आहे. ती शंका मिटवायला आवरणात शून्य आला की एक करून टाका.

खरा धोका गुणाकारात असतो. 'संख्या गुणिले आकार' हे थेट मॅलॉकच्या कंसात लिहिलं जातं. साइझ_टी (आकार मोजायचा बिनचिन्हाचा पूर्णांक प्रकार) ३२ बिटांचा आहे आणि बाहेरून आलेली संख्या १०७३७४१८२५ आहे असं धरा. प्रत्येक घटक ४ बाइटांचा. गुणाकार ४२९४९६७३०० व्हायला हवा, पण ३२ बिटांत तो मावत नाही. ४२९४९६७२९६ वजा होऊन उरतात ४. मॅलॉक आनंदाने ४ बाइट देतं, कुठेही एरर नाही, आणि पुढचं लूप शंभर कोटींवर घटक त्या ४ बाइटांत लिहायला निघतं. उपाय एका ओळीचा: आकार शून्य नसताना 'संख्या > साइझ_मॅक्स / आकार' असेल तर तिथेच नल परत द्या; साइझ_मॅक्स म्हणजे साइझ_टीत मावणारा सगळ्यात मोठा आकडा. गुणाकार करून मग तपासण्यात अर्थ नाही, तोवर आकडा गुंडाळला गेलेला असतो. आजच्या लायब्ऱ्यांमधलं 'कॅलॉक' ही तपासणी स्वतः करतं. शून्यांनी भरलेली मेमरी चालणार असेल तर सरळ तेच वापरा.

'रीॲलॉक'ची (आधी घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनची) चूक तर पाठच असल्यासारखी सगळीकडे दिसते: 'पी = रीॲलॉक(पी, नवा_आकार)'. मेमरी मिळाली नाही तर रीॲलॉक नल देतं, पण जुना तुकडा तसाच जिवंत असतो. त्याचा एकमेव पत्ता 'पी'मध्ये होता, त्यावर आता नल लिहिला गेला. उत्तर नेहमी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, नल नाही हे बघा, मगच 'पी'मध्ये टाका. आणि नवा आकार शून्य देऊ नका. सी२३मध्ये ते अनिश्चित वर्तन ठरलं आहे. मेमरी सोडायची तर 'फ्री' आहे.

वाढता ॲरे यावरच उभा राहतो. स्ट्रक्चरमध्ये तीन गोष्टी ठेवा: डेटाचा पॉइंटर, भरलेली संख्या, क्षमता. जागा संपली की क्षमता दुप्पट करा. ८ पासून सुरुवात केली तर १००० घटक भरेपर्यंत सातच वेळा वाढवावं लागतं: ८, १६, ३२ करत १०२४. दरवेळी एकेकाने वाढवलं तर हजारभर रीॲलॉक होतात, आणि प्रत्येकात आधीचं सगळं नव्या जागी हलवायची पाळी येऊ शकते. नवशिक्यांना हमखास चावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ॲरेतल्या एखाद्या घटकाचा पॉइंटर घेऊन ठेवला, मग नवा घटक घातला, रीॲलॉकने सगळा डेटा दुसरीकडे नेला, आणि हातातला पॉइंटर सोडून दिलेल्या जागेकडे बघत राहिला. छोट्या टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण आठ घटकांपर्यंत काही हलतच नाही. घटक लक्षात ठेवायचा तर पॉइंटरने नाही, इंडेक्सने.

४. ट्रिम: एक फंक्शन जवळून

आता स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन घेऊ. दहा ओळींत किती खड्डे असू शकतात ते यात छान दिसतं.

पहिला विचार असा येतो: पॉइंटर पुढे सरकवत पहिल्या खऱ्या अक्षरावर न्यावा, शेवटून मागे येत रिकामी जागा कापावी, आणि सरकवलेला पॉइंटर परत द्यावा. चालतं, पण वापरणारा तोच पॉइंटर पुढे 'फ्री'ला देतो. तो मॅलॉकने दिलेला पत्ता नसतो, आणि प्रोग्रॅम "इनव्हॅलिड पॉइंटर" म्हणून मरतो. सुरुवातीला रिकामी जागा नसेल तेव्हा मात्र सगळं सुरळीत. म्हणजे बग फक्त काही इनपुटांवर. म्हणून मजकूरच जागच्या जागी डावीकडे सरकवा आणि मूळ पॉइंटर कायम ठेवा.

क्रम असा ठेवा. आधी 'एस' या स्ट्रिंगची लांबी स्ट्रलेनने 'एन'मध्ये घ्या. मग 'एन > ०' असेपर्यंत आणि 'एस[एन-१]' रिकामी जागा असेपर्यंत 'एन' एकने कमी करा. 'एस[एन]'मध्ये शून्य बाइट (स्ट्रिंग संपल्याची खूण) टाका. त्यानंतर सुरुवातीच्या रिकाम्या जागा 'के'मध्ये मोजा, आणि 'एस+के'पासून 'एन-के+१' बाइट 'मेममूव्ह'ने 'एस'वर आणा. त्यातला +१ शेवटच्या शून्य बाइटासाठी.

मागची बाजू आधी का? पूर्ण स्ट्रिंगच रिकाम्या जागांची असेल तर पहिल्या लूपमध्ये 'एन' शून्यावर येतो, पहिल्याच जागी शून्य बाइट पडतो, आणि दुसरं लूप तिथेच थांबतं. वेगळी 'इफ' लागत नाही. शेवटचं अक्षर शोधायला 'एस + स्ट्रलेन(एस) - १' असा पॉइंटर घेणारे बरेच असतात. रिकाम्या स्ट्रिंगवर तो ॲरेच्या एक घर आधी जातो. इंडेक्स वापरून 'एन >= ०' अशी अट लिहिली तर आणखी मजा: साइझ_टी कधी ऋण होत नाही, त्यामुळे ती अट कायमच खरी. '-डब्ल्यूएक्स्ट्रा' लावलं असेल तर जीसीसी कंपाइलर यावर वॉर्निंग देतं, नसेल तर लूप मेमरीभर फिरतं.

'मेमकॉपी' न वापरता 'मेममूव्ह' का, तर इथे घ्यायची आणि ठेवायची जागा एकमेकांवर चढलेली आहे. अशा वेळी मेमकॉपीचं वागणं अनिश्चित. ते पुढून कॉपी करत असेल तोवर चालून जातं, आणि लायब्ररीची आवृत्ती बदलून ते मागून कॉपी करायला लागलं की कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज कचरा दाखवतो.

आता 'इजस्पेस', म्हणजे अक्षर रिकामी जागा आहे का हे सांगणारं फंक्शन. त्याला द्यायची किंमत अनसाइन्ड कॅरमध्ये मावणारी असावी लागते, किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण). एक्स८६वर साधा 'कॅर' चिन्हासह असतो. मजकूर देवनागरी असला की 'अ' या अक्षराचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट २२४, १६४, १३३ हे चिन्हासह वाचल्यावर -३२, -९२, -१२३ होतात. या किमती इजस्पेसला देणं हे अनिश्चित वर्तन. लिनक्सवर बहुधा काहीच बिघडत नाही, विंडोजच्या डीबग बिल्डमध्ये तिथल्या तिथे असर्ट (अट खोटी निघाली की प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) फुटतो. एआरएम लिनक्सवर तर कॅर मुळातच बिनचिन्हाचा, तिथे प्रश्नच दिसत नाही. तेव्हा प्रत्येक इजस्पेस, इजडिजिट, टूलोअरच्या आत '(अनसाइन्ड कॅर)' हा कास्ट हवा. विसरू नका, आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये दिसला नाही तर विचारा.

शेवटचा खड्डा वापरणाऱ्याच्या बाजूचा. कोडमध्ये अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग थेट दिली तर आपलं फंक्शन तिच्यात लिहायला जातं, आणि ती मेमरी बहुतेक ठिकाणी फक्त वाचण्याजोगी असते. कापायला काही नसलं तरी शेवटचा शून्य बाइट आपण लिहितोच, त्यामुळे कोसळणं अटळ. करारात "बदलता येणारी स्ट्रिंगच द्यावी" हे लिहा आणि '-डब्ल्यूराइट-स्ट्रिंग्ज' चालू ठेवा.

५. कॉपी आणि कापणं

'स्ट्रएनकॉपी' हे 'स्ट्रकॉपी'चं सुरक्षित रूप आहे असा समज फार पसरलेला आहे. ते तसं नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या फाइलनावाला १४ बाइटांचं ठरावीक घर असे. त्या जातीच्या घरांसाठी हे फंक्शन आहे. मजकूर घराएवढा किंवा मोठा असला तर शेवटी शून्य बाइट लावत नाही. लहान असला तर उरलेलं घर शून्यांनी भरतं. ४०९६ बाइटांच्या बफरमध्ये पाच अक्षरी इंग्रजी शब्द टाकला तर ४०९१ शून्यं लिहिली जातात.

आपल्या 'यूटी_कॉपी'चा करार असा असावा: शेवटी शून्य बाइट नेहमी, आणि मजकूर कापला गेला तर ते कळलं पाहिजे. 'एसएनप्रिंटएफ' हे दोन्ही करतं. पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते तो आकडा ते परत देतं. आकडा ऋण असेल तर एरर. बफरच्या आकाराएवढा किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला. तुलना '>=' ने करायची; '>' लिहिलं तर नेमकं एक बाइट कमी पडलेलं निसटतं. आणि ऋण तपासणी आधी करा, कारण नंतर साइझ_टीशी तुलना करताना -१ प्रचंड धन आकडा होऊन बसतो. हेच काम करणारं 'स्ट्रएलकॉपी' ओपनबीएसडीमध्ये १९९८ पासून आहे, ग्लिबीसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) २०२३ साली २.३८ या आवृत्तीत आलं. जुन्या सिस्टिमवरही चालायला हवं असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

देवनागरी मजकूर कापताना आणखी एक पायरी लागते. 'नमस्ते'मध्ये न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे सहा कोडपॉइंट (यूनिकोडमधल्या स्वतंत्र खुणा). प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८, आणि शून्य बाइट धरून १९. १६ बाइटांच्या बफरमध्ये तो 'नमस्त' होतो. १५ बाइटांच्या बफरमध्ये 'त'चे दोनच बाइट उरतात आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. कापायची जागा 'एन' असेल तर 'एस[एन]' हा सोडला जाणारा पहिला बाइट. तो १२८ ते १९१ मधला, म्हणजे आधीच्या अक्षराचा उरलेला भाग असेल, तर तसा नसलेला बाइट येईपर्यंत 'एन' कमी करत जा. कोडमध्ये ही अट '(एस[एन] & १९२) == १२८' अशी. १५ च्या उदाहरणात 'एन' १४ वरून १२ वर येतो. हाताशी अर्धवट अक्षर राहत नाही, पण जोडाक्षर मध्येच तुटू शकतं. ते सांभाळायचं तर यूनिकोडची मोठी लायब्ररीच घ्यावी, हे आपल्या 'युटिल'चं काम नाही.

६. मजकुरातून आकडा

'एटूआय' विसरून जा. ते "अबक"लाही शून्य देतं आणि "०"लाही, शिवाय आकडा मोठा असेल तर वर्तन अनिश्चित. 'स्ट्रटोल' वापरा, पण त्याच्याभोवती या क्रमाने तपासण्या लावा:

आधी 'एरनो'मध्ये (झालेल्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) शून्य भरा. यशस्वी झाल्यावर स्ट्रटोल तो पुसत नाही, म्हणून जुनी चूक तिथेच पडून असू शकते. आधार १० द्या. शून्य दिलात तर "०१०" हा अष्टमान समजून उत्तर ८ येतं, आणि "०८" चं उत्तर ० येऊन ८ तसाच मागे राहतो. परत आल्यावर शेवटचा पॉइंटर सुरुवातीच्या जागीच असेल तर एकही अंक सापडला नाही. त्या पॉइंटरवर शून्य बाइट नसेल तर आकड्यामागे कचरा आहे. एरनो 'ईरेंज' असेल तर आकडा लाँगमध्ये मावला नाही. सगळ्यात शेवटी इंटच्या हद्दीत आहे का ते बघा. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, विंडोजवर ३२ चा. ही पायरी गाळली तर एका मशीनवर पास झालेली टेस्ट दुसरीकडे नापास होते.

वर दिलेले अंक टाइप करताना इंग्रजीच हवेत, कारण स्ट्रटोलला "१२३" असे देवनागरी अंक कळत नाहीत. पहिल्याच तपासणीत "अंक नाही" असं उत्तर येईल. ऋण नसलेल्या संख्येसाठी 'स्ट्रटूयूएल'कडे वळाल, तर सावध: त्याला उणे एक दिलं तर ६४ बिटांच्या लिनक्सवर ते कुरकुर न करता १८४४६७४४०७३७०९५५१६१५ देतं. उणे चिन्ह आहे का हे स्वतः आधी बघावं लागतं.

फंक्शनची उत्तर देण्याची रीत: यश-अपयश परतीच्या किमतीत, आकडा पॉइंटरमधून. चुकीसाठी -१ राखून ठेवू नका, तो खरा आकडाही असू शकतो.

७. मॅक्रो आणि तुलना, थोडक्यात

मॅक्रो म्हणजे कंपाइलच्या आधी नावाच्या जागी घातला जाणारा मजकूर. 'मॅक्स' मॅक्रोला कितीही कंस घातले तरी '(अ) > (ब) ? (अ) : (ब)' यात मोठा ठरलेला भाग दोनदा मोजला जातो, आत 'आय++' असेल तर आय दोनने वाढतो. 'स्टॅटिक इनलाइन' फंक्शन लिहा. ॲरेची लांबी मात्र मॅक्रोनेच मिळते, साइझऑफ भागिले पहिल्या घटकाचा साइझऑफ. तो मॅक्रो फंक्शनला आलेल्या पॅरामीटरवर वापरू नका, तिथे ॲरे उरलेला नसतो, पॉइंटर असतो. ६४ बिटांवर इंटसाठी उत्तर येतं ८ भागिले ४, म्हणजे २.

क्रम लावणाऱ्या क्यूसॉर्टला जे तुलनेचं फंक्शन द्यावं लागतं, त्यात वजाबाकी नको. २०० कोटी आणि उणे २०० कोटी यांचा फरक इंटमध्ये मावत नाही, आणि सहसा -२९४९६७२९६ निघून मोठा आकडा लहान ठरतो. '(अ > ब) - (अ < ब)' लिहा.

ओळ वाचल्यावर शेवटचं न्यूलाइन काढायला 'स्ट्रसीस्पॅन'ने त्याची जागा शोधून तिथे शून्य बाइट टाका. न्यूलाइन नसलं तरी ते बरोबर चालतं.

८. बांधणी आणि तपासणी

कंपाइल करताना '-एसटीडी=सी११ -वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी' हे किमान. टेस्टसाठी वेगळी फाइल ठेवा, आणि प्रत्येक फंक्शनला रिकामी स्ट्रिंग, एका बाइटाची, बफर नेमका भरणारी, आणि त्याहून एक बाइट मोठी अशी चार इनपुटं द्याच. टेस्टचं बिल्ड '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड' लावून चालवा; पॉइंटर ट्रिममध्ये एक घर बाहेर गेला तर ओळ क्रमांकासकट सांगतं. 'असर्ट'च्या कंसात काम करणारं फंक्शन बोलावू नका: 'एनडीबग' लावलेल्या बिल्डमध्ये ती ओळच नाहीशी होते, कामासकट. मेमरी न मिळण्याची बाजू तपासायची तर लिनक्सवर 'यूलिमिट -व्ही'ने मर्यादा घालून टेस्ट चालवा, एरवी मॅलॉक तिथे सहसा नल देत नाही.

सोर्स '-सी'ने ऑब्जेक्ट फाइल करा, मग 'एआर आरसीएस'ने तिची '.ए' लायब्ररी बांधा. 'एनएम -जी --डिफाइन्ड-ओन्ली' चालवून बाहेर दिसणारी नावं बघा. 'यूटी_' नसलेलं काही दिसलं तर कुठेतरी 'स्टॅटिक' राहिलंय. लिंक करताना लायब्ररीचं नाव तुमच्या ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि लायब्ररीपाशी पोचेपर्यंत जी नावं मागितली गेलीत तेवढीच तिच्यातून उचलतो. ती आधी लिहिली तर काहीच उचलत नाही, आणि फंक्शन समोर असूनही "अनडिफाइन्ड रेफरन्स" येतो.